सहा मीटरची वायर : बोया बीवाय-एम१ कॉलर माइक, आमच्या गायकवृंदाच्या अनुभवातून

हा माइक घ्यावा का, एवढंच कुणाला हवं असेल तर ते आधी सांगून टाकते. घरात बसून एका माणसाचा आवाज फोनवर स्वच्छ नोंदवायचा असेल तर निर्धास्त घ्या. चर्चमध्ये लाउडस्पीकरला जोडायला घेणार असाल तर थांबा. तुमचं काम या दोन्हींच्या मधलं असेल, तर पुढचं सगळं वाचा. मी असे चार माइक करोनाच्या काळात वीसबावीस घरांत फिरवलेत आणि ते आजही कामात आहेत.

मी नगरची. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, तोंडात अजून नगरच येतं. शाळेत शिकवते आणि आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वीस वर्षं पेटी वाजवते, गायकवृंद बसवते. आमच्याकडे गाणं दोन तऱ्हांचं. एक, पाश्चात्त्य चालींची गीतं, चार आवाजांत: बायकांचे वरचा सोप्रानो आणि खालचा आल्टो, पुरुषांचे वरचा टेनर आणि खालचा बेस. दुसरं, आपल्या चालींची पदं, अभंग, भजनं. तिथे पेटी, ढोलकी, झांजा. एकाने ओळ घ्यायची, बाकीच्यांनी झील धरायची. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक नगर-राहुरीला राहिले, ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं की पानोपानी त्यांचं नाव भेटतं. म्हणून आमच्या मंडळीत गाणं बंद झालं तर अर्धी उपासनाच बंद झाली असं म्हातारीकोतारी माणसं म्हणतात, आणि मला ते पटतं.

१५ मार्च २०२० च्या रविवारी आम्ही शेवटचं एकत्र गायलो. पुढचा रविवार, २२ तारीख, जनता कर्फ्यूचा. मग टाळेबंदी. झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), १२ एप्रिलचा ईस्टर, सगळं घरात. उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात गीतं आम्ही दरवर्षी बसवतो. त्या वर्षी माझ्या वहीत ती नुसती लिहिलेली राहिली.

एकत्र जमून गाणं का धोक्याचं, हे मला आधी पटत नव्हतं. खोकला समजू शकतो, पण गाणं? मग वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅलीच्या गायनमंडळाबद्दल वाचलं. १० मार्च २०२० ला त्यांची अडीच तासांची तालीम एका चर्चमध्ये झाली. ६१ जण आले होते. त्यातले ५३ आजारी पडले, ३३ जणांची तपासणीत खात्री झाली, दोघे गेले. ती माणसं आमच्यासारखीच, साठी-सत्तरीतली, खुर्च्या शेजारी शेजारी. ते वाचल्यावर ‘अंगणात थोडं अंतर ठेवून गाऊ या’ असं जो कुणी म्हणेल त्याला मी नाही म्हणत गेले. ४ जूनला केंद्र सरकारने प्रार्थनास्थळांसाठी नियम काढले. शक्य तिथे ध्वनिमुद्रित भक्तिसंगीत लावावं, गायकवृंदाला परवानगी देऊ नये, असं त्यात स्पष्ट होतं. महाराष्ट्रात तर दारं १६ नोव्हेंबरपर्यंत उघडलीच नाहीत.

पाळकसाहेबांचा ऑनलाइन संदेश सुरू झाला तेव्हा मधल्या जागेत तयार गीतं लावायची सूचना आली. दोन रविवार तसं केलंही. गीतं चांगली होती, गाणारे आमच्यापेक्षा तयारीचे होते. पण आमच्या एका आत्याबाईंचा फोन आला, “बाई, हे आपलं नव्हे गं. आपल्यातलं कोण गातंय ते ऐकू येत नाही.” रेकॉर्ड लावायचीच तर आपल्याच माणसांची लावायची, हे तिथे ठरलं.

आधी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी मिळून गायचा प्रयत्न केला. ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे काय होतं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. चर्चमध्ये दहा मीटरवरच्या माणसाचा सूर आपल्यापर्यंत यायला ३० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यानेसुद्धा मागच्या बाकांवरची लय रेंगाळते. इंटरनेटच्या कॉलवर हा उशीर सहज पाचसहा पट होतो. मी ओळ घ्यायची, झील यायची ती मी पुढच्या ओळीत शिरल्यावर. त्याहून वाईट पेटीचं झालं. कॉलची ॲप्स बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेली. एकसारखा टिकणारा आवाज त्यांना पंख्यासारखा वाटतो आणि ती तो दाबून टाकतात. मी सूर धरून ठेवला की पलीकडे पेटी दोन सेकंदांत विरून जायची. मला वाटायचं भाता कमी पडतोय, म्हणून मी आणखी जोरात भाता मारायची.

तेव्हा एकच रस्ता राहिला. प्रत्येकाने आपापल्या घरी एकट्याने गायचं, नोंदवायचं, आणि कुणीतरी ते सगळं जुळवायचं. पहिल्या खेपेला सगळ्यांनी फोनच्याच माइकवर गायलं. फोन हातात, तोंडापाशी. प्रत्येक ‘प्रभू’ला धप्प, प्रत्येक ‘भ’ला वाऱ्याचा झोत, आणि आपल्या गीतांत तर दर ओळीला प्रभू, ख्रिस्त, पवित्र, भक्ती. मराठीतले हे हवा सोडणारे वर्ण माइकला जड जातात हे मला चाळीस वर्षं गाऊन कळलं नव्हतं. कुणी टेबलावर फोन ठेवून लांबून गायलं, तर खोलीचा घुमाराच जास्त आला. बावीस नोंदी एकावर एक ठेवल्या तेव्हा न्हाणीघरात बाजार भरल्यासारखं झालं.

पुण्याला असलेल्या भाच्याने हा माइक सुचवला. टाळेबंदीत सुरुवातीला असल्या वस्तू घरपोच येतच नव्हत्या, त्यामुळे हातात पडायला मे संपत आला. मला एक माइक साडेआठशेला पडला. आधी एक मागवला, आठवडाभर वापरून पाहिला, मग वर्गणीतून आणखी तीन.

माइकच्या खोक्यात मिळतं ते असं. हरभऱ्याच्या दाण्याएवढा माइक, कपड्याला लावायचा चिमटा, माइकवर घालायची स्पंजची टोपी, एक बारीक गोल बॅटरी, मोठ्या भोकाच्या यंत्राला जोडायची पिन आणि एक छोटी पिशवी. वायर सहा मीटर. वायरच्या मधे बोटाएवढी एक डबी, तिच्यावर सरकतं बटण, एका बाजूला स्मार्टफोन, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. फोनला जोडताना बटण स्मार्टफोनच्या बाजूला हवं आणि तेव्हा बॅटरी लागत नाही. कॅमेरा किंवा लाउडस्पीकरच्या मिक्सरला जोडताना दुसऱ्या बाजूला, तेव्हा बॅटरी लागते. बटण तिकडेच राहिलं तर बॅटरी उतरते. आमच्याकडच्या दहा तक्रारींपैकी आठ या एका बटणाच्या निघाल्या, “ताई, काहीच आवाज येत नाही.” शेवटी मी स्मार्टफोनच्या बाजूला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि सगळ्यांना सांगितलं, लालवर ठेवा.

आवाज कसा येतो, तर किमतीच्या मानाने फार चांगला. कंपनी ६५ हर्ट्‌झपासून १८ किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकू येईल असं सांगते. पुरुषांचा बेस खाली गेला तरी साधारण ८० हर्ट्‌झच्या आसपास राहतो, म्हणजे आमच्या बेसच्या काकांचा शेवटचा खर्जही त्यात मावतो. बायकांचे वरचे सूर फाटत नाहीत. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे माइक छातीवर लावलेला असतो, तोंडातून निघणारी हवा त्याच्या वरून जाते, आणि ‘प्रभू’ सुखरूप येतो.

लावायची जागा मात्र नेमकी हवी. हनुवटीच्या खाली वीतभर. सुती पदर चालतो. सिल्क, जॉर्जेट सळसळतात. मंगळसूत्र किंवा क्रॉसची साखळी माइकला लागली की टिकटिक येते, ती गाण्यातून पुढे काढता येत नाही. साखळी मागे सारायची किंवा काढून ठेवायची. माइकजवळच्या वायरीची एक सैल गाठ चिमट्यात अडकवायची, म्हणजे वायर ओढली गेली तरी हादरा पोचत नाही. जोरात गाणाऱ्यांनी आणखी खाली, पोटाशी लावला तरी चालतो. पेटी नोंदवताना माइक पेटीवर ठेवू नका, भात्याचा धक्का बसतो. पेटीसमोर दीड हातावर स्टुलावर टॉवेलची घडी, तिच्यावर माइक. ढोलकीला चारपाच फूट लांब, नाहीतर थाप कर्कश फुटते.

हा माइक सगळ्या दिशांचं सारखंच ऐकतो. बनावटच तशी आहे. त्यामुळे गाणाऱ्याने मान इकडेतिकडे केली तरी आवाज कमीजास्त होत नाही, आणि त्याच कारणाने शेजारच्या कुकरची शिट्टीही गीतात येते. घर शांत असेल तरच याची किंमत वसूल होते. पंखा बंद, खिडकी बंद, आणि मे-जूनमधलं नगर. माणसं घामाने निथळत गायली. घुमारा मारायला कुणी कपाट उघडून त्यातल्या साड्यांकडे तोंड करून गायलं, कुणी डोक्यावरून गोधडी घेतली. सगळ्यात सुंदर नोंद आमच्या आल्टोच्या एका मावशींची यायची. मी विचारलं, कुठे गाता? म्हणाल्या, धान्याच्या खोलीत, बाजरीच्या पोत्यांमध्ये उभी राहते. तशी कोरडी, स्वच्छ खोली पैसे मोजूनही मिळत नाही.

आता सहा मीटर वायरीबद्दल. दुकानदार हिला लांबलचक, गुंतणारी म्हणतात, आणि गुंततेच. आमच्यासाठी तीच या माइकची सगळ्यात मोलाची गोष्ट ठरली. आमच्या मंडळीत ऐंशी पार केलेल्या एक आजी आहेत. टिळकांची पदं त्यांच्या आईकडून त्यांना मिळालेली, काहींच्या चाली पुस्तकात कुणी लिहिलेल्याही नाहीत. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. घरात सून, तीही जपून. कुणीही आत जायचं नाही हे ठरलेलं. आमचा ढोलकीवाला पोरगा सायकलवर त्यांच्या ओट्यापर्यंत गेला. माइक साबणाच्या पाण्याने पुसलेला, स्पंजची टोपी नवी. त्याने खिडकीतून माइक आत सोडला, सुनेने आजींच्या पदराला लावला, आणि तो फोन घेऊन ओट्याच्या दुसऱ्या टोकाला मास्क लावून बसला. मध्ये भिंत आणि सहा मीटर. आजींनी सलग चार पदं म्हटली. पोरगा नंतर मला म्हणाला, “मॅडम, त्यांना दिसत नव्हतं मी ऐकतोय म्हणून, त्यामुळे त्या घरात म्हणतात तसंच म्हणाल्या.” त्या दिवशी आम्ही चाली नोंदवल्या त्या आता मंडळीत तरुण मुलं शिकली आहेत.

जुळवणीचं काम मी ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरवर केलं. फुकट मिळतं, जुन्या लॅपटॉपवर चालतं. आमची रीत सांगते, कुणाला उपयोगी पडली तर पडो. मी आधी पेटी आणि ढोलकीची मुख्य नोंद करायची. पट्टी काळी दोन की पांढरी चार हे तिच्यात तोंडाने सांगायचं, मग चार टाळ्या, मग गीत. ती व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, साधी ऑडिओ म्हणून नव्हे. प्रत्येकाने एका फोनवर ती एका कानात इअरफोन घालून ऐकायची, दुसऱ्या फोनला माइक जोडायचा, चार टाळ्यांबरोबर स्वतः टाळ्या वाजवायच्या आणि गायचं. टाळ्यांवरून मी सगळ्या नोंदी एका रेषेत आणायची. गाण्याआधी दहा सेकंद गप्प राहायचं, म्हणजे खोलीतली गुणगुण कुठली ते यंत्राला दाखवून वजा करता येते.

यात दोन फोन लागतात, हे लिहिताना सोपं वाटतं. २०२० च्या जूनमध्ये शाळा फोनवर सुरू झाल्या होत्या. घरात एक फोन, दोन मुलं, त्यात आईने गीत नोंदवायचं कधी? रात्री दहानंतर, मुलं झोपल्यावर, हळू आवाजात. माझ्या सोप्रानोच्या निम्म्या नोंदी रात्री दहा ते बाराच्या आहेत. दबलेल्या आवाजात गायलेलं सुरेल असलं तरी त्यात छाती नसते. माइक कितीही चांगला असो, हे त्याच्या हातात नाही. म्हणून चौथा माइक आणि माझा जुना फोन मिळून आम्ही एक डबा केला. स्टीलचा, झाकणाचा, पोळ्यांचा डबा. त्यात माइक, मुख्य नोंद भरून ठेवलेला जुना फोन, इअरफोन, दोन जास्तीच्या स्पंजच्या टोप्या, सॅनिटायझर आणि हाताने लिहिलेला कागद: लाल ठिपका, दहा सेकंद गप्प, चार टाळ्या. डबा एका घरी दोन दिवस, मग एक दिवस माझ्या ओसरीवर नुसता ठेवलेला, मग पुढच्या घरी.

आता आपल्या चालींचं. चार आवाजांतली पाश्चात्त्य गीतं या रीतीने झकास झाली. त्यांची लय ठरलेली, प्रत्येकाचा सूर कागदावर. भजन मात्र पहिल्या तीन वेळा मेलं. सगळं सुरात, सगळं तालात, आणि जीव नाही. मला कळायला वेळ लागला. भजनाची लय घड्याळावर चालत नाही. ती हळूहळू चढते. झील ऐकून पुढे घेणारा चेततो, त्याला पाहून ढोलकी उचलते, शेवटी झांजा दुप्पट. मी केलेली मुख्य नोंद पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत एकाच लयीने जात होती, कारण मी एकटी, समोर कुणी नाही. शेवटी एक घर सापडलं जिथे काका ओळ घेतात आणि पुतण्या ढोलकी वाजवतो. एकाच छताखाली राहणारे, त्यांना अंतर ठेवायचं कारण नव्हतं. त्यांना सांगितलं, मुख्य नोंद तुम्ही दोघांनी करा, पेटीशिवाय, मनाला येईल तशी लय वाढवत. काकांच्या पदराला, म्हणजे सदऱ्याला, एक माइक आणि ढोलकीपासून लांब दुसरा. घरातल्या बायकांनी झील धरली ती मागे बारीक ऐकू येते, ती मी मुद्दाम ठेवली. त्यावर बाकीच्यांनी आपापल्या घरून झील धरली आणि सगळ्यात शेवटी मी पेटी घातली. ज्याने आधी वाजवायचं तो शेवटी वाजवतो, असं उलटं काम. पण भजन उभं राहिलं. ज्या मंडळींना पुन्हा कधी असं करावं लागेल त्यांना माझं हेच सांगणं आहे: भजनाची सुरुवात पेटीपासून करू नका, समोरासमोर बसलेल्या दोन माणसांपासून करा.

या माइकने आणखी एक गोष्ट केली, जी मी मागितली नव्हती. वीस वर्षं मी हा गायकवृंद एकत्र ऐकत होते. आता पहिल्यांदा प्रत्येकाला एकेकटं ऐकलं. माझ्या आल्टोच्या सहा जणी वर्षानुवर्षं एकीच्या खांद्यावर उभ्या होत्या, त्या बाजरीच्या पोत्यांवाल्या मावशींच्या. बाकी पाच जणी एकट्या असल्या की सोप्रानोत सरकत होत्या. आणि ज्या बाईंना मी मनातल्या मनात बेसूर धरलं होतं, मागच्या ओळीत उभं करत होते, त्यांचा सूर पक्का होता. त्यांच्या शेजारी उभी असलेली उतरत होती आणि मी दोघींचं खापर एकीवर फोडत आले होते. मी त्यांना फोन करून सांगितलं. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला वाटायचं तुम्हाला माझा आवाज आवडत नाही.” वीस वर्षं.

१६ नोव्हेंबरला पाडव्याच्या दिवशी दारं उघडली. नाताळसाठी सरकारी सूचना आल्या: उपासनेला जास्तीत जास्त ५० जण, गायक जास्तीत जास्त १०, आणि माइक वेगवेगळे. चर्चचे तीन माइक, मागून आणलेले तीन आणि आमचे हे चार. बटण कॅमेऱ्याच्या बाजूला, बॅटरी घातलेली, मोठी पिन लावून मिक्सरला जोडले. तालमीतच कळलं की हे चालणार नाही. सगळ्या दिशांचं ऐकणारा माइक लाउडस्पीकरचंही ऐकतो, तो आवाज परत आत घेतो, आणि आवाज जरा वाढवला की शीळ घुमते. स्पीकर लांब हलवले, आवाज खाली आणला, तरी धास्ती राहिली. शेवटी या चार माइकवर आम्ही नुसतं नोंदवलं, घरी बसलेल्यांसाठी, आणि ते चार जण हॉलमध्ये बिनमाइकचे गायले. आमचं चर्च उंच छताचं, दगडी भिंतींचं. ५० माणसांत ते पुरलं. हा माइकचा दोष म्हणता येणार नाही, तो या कामासाठी बनलेलाच नाही. पण विकत घेताना दुकानात कुणी हे सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आणखी एक सावधगिरी. या माइकच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत. मी पुढे आणखी दोन घ्यायला गेले तेव्हा एका दुकानात ओळखीने स्वस्तात मिळाले. खोकं तेच, अक्षरं तीच. घरी लावले तर मागे सतत सूंऽऽ असा आवाज, आणि डबीचं बटण ढिलं. दुकानदाराने परत घेतले नाहीत. स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका, पावती देणाऱ्याकडूनच घ्या आणि दुकानातच फोनला लावून दहा सेकंद शांतता नोंदवून ऐका. बऱ्याच नवीन फोनना इअरफोनचं गोल भोक नसतं, तेव्हा जोडणीचा तुकडा वेगळा घ्यावा लागतो, आणि सगळे तुकडे माइकचा आवाज आत नेत नाहीत. काही फक्त ऐकण्यापुरते असतात. तोही दुकानातच तपासा.

२०२१ चा ईस्टर ४ एप्रिलला झाला आणि दुसऱ्या दिवशी दारं पुन्हा बंद. ती लाट आम्ही विसरणार नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमचे बेसचे काका गेले. पुरायला वीस माणसांची मर्यादा; गायकवृंदातले आम्ही कुणीच जाऊ शकलो नाही. आमच्यात माणूस जातो तेव्हा घरापासून कबरेपर्यंत गीत थांबत नाही. काकांना मुलाने आणि पाळकसाहेबांनी दोन कडवी म्हणून निरोप दिला. माझ्याकडे त्यांच्या अकरा गीतांच्या नोंदी आहेत, फक्त बेस, बाकी काही नाही. नुसता बेस ऐकायला कसा लागतो हे गाणाऱ्यालाच कळेल. चाल त्यात सापडत नाही. एकाच सुरावर बराच वेळ थांबणं, मग एक पायरी खाली, पुन्हा थांबणं. काकूंनी मागितल्या तेव्हा मी विचारलं, सगळं जुळवलेलं गीत देऊ का? त्या म्हणाल्या, नको, नुसते हेच दे. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला दहा सेकंद गप्प राहायची माझी अट होती. काकांना ते कधी जमलं नाही. पाचव्या सेकंदाला ते खाकरायचे. मी ते कापून टाकत असे. काकूंना दिल्या त्या न कापलेल्या.

दारं कायमची उघडली ७ ऑक्टोबर २०२१ ला. पुढच्या रविवारी, १० तारखेला, आम्ही सगळे मास्क लावून एकत्र गायलो. आल्टो आता सहा जणींची आहे, खरोखर सहा जणींची. त्या बाई पहिल्या ओळीत उभ्या राहतात.

माइक चारही चालू आहेत. एकाची स्पंजची टोपी हरवली, ती थोडक्या पैशांत मिळते, घेतानाच जास्तीच्या घ्या. एकाच्या वायरीवर खुर्ची पडली, तिथे आम्ही चिकटपट्टी गुंडाळलीय. मी पाचपैकी चार तारे देते. पाचवा राखून ठेवला तो त्या बटणासाठी. नवख्या माणसाला फसवणारी गोष्ट वस्तूत असू नये.

डबा अजून फिरतो. आजी आता चर्चपर्यंत येऊ शकत नाहीत, आणि आणखी दोघे अंथरुणाला आहेत. शनिवारी डबा त्यांच्याकडे जातो, रविवारी त्यांचा आवाज उपासनेत असतो. पहिलं वर्ष डबा आत काही न ठेवता परत यायचा, तसं ठरवलेलंच होतं, खाण्याची देवाणघेवाण नको म्हणून. आपल्याकडे डबा रिकामा परत द्यायची रीत नाही, आणि त्या वर्षी प्रत्येक घरातून फोन यायचा, “रिकामाच देतेय हं, मनाला बरं वाटत नाही.” २०२१ च्या नाताळात डबा आजींकडून आला तो जड लागला. माइक वर, प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून. खाली करंज्या.